आखाजीच्या पानावरची पट्टी

पुतणीचा इंदूरहून फोन आला. तिच्या मुलीच्या दातांना तारा लावायच्या ठरल्यात. "काकू, तुम्ही लहानपणी लावल्या होत्या ना, काय काय लक्षात ठेवायचं ते सांगा." मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरने छापील कागद दिला असेल की. तर म्हणे, दिलाय, पण तुम्ही सांगा. मग सांगितलं. पहिले चार दिवस हिरड्या ठणकतात, पोरगी रडेल, रडू दे, वरण-भात मऊ करून घाल. ऊस, बोरं, चिक्की बंद. डॉक्टर दर महिन्याला तार आवळेल, त्या दिवशी पुन्हा ठणकेल. आणि दात सरळ झाले म्हणून नाचू नका, त्यानंतरच खरं सांभाळायचं असतं. ती लिहून घेत होती बिचारी. एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. गेली कित्येक वर्षं कुणालाच सांगितलेली नाही.

प्रांत मोडून नवं राज्य झालं होतं तेव्हाची गोष्ट. कालपर्यंत नागपूरकडे बघणारं आमचं बऱ्हाणपूर आता भोपाळकडे बघायला लागलं होतं. नाना म्हणजे माझे वडील मराठी शाळेत मास्तर. त्यांच्या शाळेत हिंदीचे वर्ग वाढत चालले होते आणि पन्नाशीला आलेला माणूस रोज संध्याकाळी हिंदीच्या परीक्षेचा अभ्यास करत बसायचा. आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं आत्याने, नानांच्या थोरल्या बहिणीने. ती लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी परत आली होती. सिंधीपुऱ्यातल्या भाड्याच्या तीन खोल्यांत आम्ही तिघं.

आई गेल्यापासून मी अंगठा चोखायला लागले आणि दहा वर्षांची होईपर्यंत चोखला. आत्याने अंगठ्याला कडुनिंब लावला, एरंडेल लावलं, शेवटी मिरची लावली. मी मिरचीसकट चोखला. असला हट्टी जीव. त्याचं फळ म्हणजे वरचे पुढचे दात असे बाहेर आले की ओठ मिटेनात. शाळेत पोरी 'खवणी' म्हणायच्या. एकदा एकीच्या वेण्या धरून तिला फरशीवर बसवलं, तेव्हापासून माघारी म्हणायला लागल्या.

नानांना माझ्या दिसण्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "हिला पुढे शिकायचंय, चार लोकांत बोलायचंय. आता इथं हिंदीत बोलावं लागणार, आणि तेही स्पष्ट. हिचं तोंड तर मिटतच नाही." भुसावळला मुंबईहून शिकून आलेला एक दातांचा डॉक्टर बसतो असं त्यांना कुणी सांगितलं, आणि मी तेरा वर्षांची असताना आम्ही दोघं गाडीने भुसावळला गेलो. आत्या म्हणाली, "दात देवाने दिलेले, त्याला लोखंड कशाला बांधता?" नाना म्हणाले, "अक्का, देवाने सरळच दिले होते, हिने वाकडे केले."

डॉक्टरने तोंडात थंड लगदा भरला, साचा घेतला. मला उलटी होईल असं वाटलं, पण झाली नाही. पंधरा दिवसांनी पट्टी तयार. टाळूला चिकटून बसणारा गुलाबी प्लास्टिकचा तुकडा, त्यातून निघालेली एक तार पुढच्या दातांवरून आडवी, आणि दाढांना धरून ठेवणारे दोन आकडे. डॉक्टर नानांना समजावत होता, पण बघत होता माझ्याकडे. "दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात, ढकलले की सरकतात. ढकलणं थांबलं की परत येतात. म्हणून ही दिवसरात्र तोंडात पाहिजे. फक्त जेवताना काढायची, गार पाण्यात धुवायची आणि लगेच परत घालायची. गरम पाणी लावलंत तर वाकडी होईल. आठ दिवस जरी बाहेर राहिली तरी परत बसायची नाही."

काढायची, धुवायची, घालायची. जेवताना ठेवायची कुठे ते काही तो बोलला नाही. त्याच्या घरी असेल एखादं टेबल.

आमच्या घरात आत्याचं सोवळं होतं. तोंडातून निघालेली वस्तू म्हणजे उष्टी, आणि ही तर दिवसरात्र तोंडातच राहणारी. ती फडताळात नको, वाटीत नको, पाण्याच्या मडक्याच्या आसपास तर बिलकुल नको. पहिल्या दिवशी मी पट्टी काढून फुलपात्रात टाकली तर आत्याने ते फुलपात्र राखेने तीनदा घासलं आणि वर विस्तवावर धरलं. नाना चिडले. तसे ते सुधारक, पण घर बहिणीच्या जिवावर चाललेलं. शेवटी असं ठरलं की जेवताना माझ्या ताटाच्या डाव्या हाताला, पाणी फिरवतात त्या रेषेच्या बाहेर, केळीच्या पानाचा तुकडा ठेवायचा. त्यावर पट्टी. जेवण झालं की मीच उचलायची, मोरीत धुवायची, तोंडात घालायची, आणि पान बाहेर नेऊन टाकायचं. केळीच्या पानांना आमच्याकडे काय तोटा. पाच महिने हे बिनबोभाट चाललं. दात मागे सरकत होते. आरशात रोज बघायचे. ओठ मिटायला अगदी थोडं राहिलं होतं.

मग आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे पोरींचा सण. सकाळी पितरांची घागर भरायची, दुपारी पुरणपोळी, आमरस, कुरडया, आणि जेवण झालं रे झालं की झोक्यावर. त्या दिवशी ताटं नाहीत, सगळ्यांना पानं. माझ्या मोठ्या पानाच्या डाव्या हाताला माझं छोटं पान, त्यावर पट्टी. रसामुळे माश्या घोंगावत होत्या म्हणून मी पट्टीवर पानाचा आणखी एक तुकडा झाकला. शेवटचा रस बोटाने चाटत होते तेवढ्यात बाहेरून पोरींनी हाक मारली. मी उठले, हात धुतला आणि धावले.

पट्टी आठवली ती झोक्यावर, निंबाच्या फांदीला पाय लागायच्या बेतात असताना. जिभेने टाळू चाचपला तर मोकळा. झोका थांबायची वाट न बघता उडी मारली. घरी आले तर जमीन सारवून झालेली. आत्याने सगळी पानं, माझ्या छोट्या पानासकट, एकात एक गुंडाळून बाहेर नेली होती. आमच्या दाराशी समोरच्या गवळणीची गाय यायची, जेवणाच्या वेळेला ठरलेली. आत्या गोग्रास तिला स्वतःच्या हाताने घालायची, आणि सणाची पानं पण तिच्यापुढेच टाकायची. मी बाहेर गेले. गाय शेवटचं पान ओढून चघळत होती. तिच्यापुढे जमिनीवर काही उरलेलं नव्हतं.

ती गाय गाभण होती. सात महिन्यांची.

मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. जबडा फिरत होता. आत हात घालावा असं वाटलं, पण मी कधी गायीच्या तोंडात हात घातला होता? तेव्हाच ओरडले असते तर. हे मी आजवर हजार वेळा म्हटलंय मनात. ओरडले नाही. मी उकिरड्यावर गेले, तिथली पानं काडीने उलटीपालटी केली, मोरी बघितली, खाटेखाली बघितलं. पट्टी कुठेतरी असेल असं स्वतःला सांगत राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचं कारण पट्टी नव्हती. लहानपणी आमच्या दारात एक माणूस आला होता. गळ्यात दावं, हातात वाडगा, तोंडाने एक अक्षर नाही, फक्त गायीसारखा हंबरायचा. आत्याने त्याला दुरून पीठ घातलं आणि मला आत ओढलं. त्याच्या हातून गाय मेली होती. गावाने त्याला बारा गावं असं मागत फिरायला लावलं होतं. मला एकच दिसत होतं, आत्याच्या गळ्यात ते दावं. कारण पान तिने घातलं होतं, तिच्या हाताने.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंड बंद ठेवलं. वरचा ओठ दातांवर ओढून धरायचा, हुं हुं करायचं. जेवताना पानाचा तुकडा दुमडून ठेवायचा, जणू आत पट्टी आहे. नाना विचारायचे, "पट्टी घातलीस?" मी मान हलवायची. सुट्ट्या होत्या, बोलायची फारशी गरज नव्हती. आणि सकाळी उठून समोर जायची, शेण आणायला. शेणाला नाक मुरडणारी मी, आता पाटी घेऊन सगळ्यांच्या आधी. आत्या म्हणाली, "काय गं, आज सूर्य पश्चिमेला उगवला का?" मी म्हटलं, "सारवायला नको का?" गोठ्यामागे बसून सगळं शेण बोटांनी चाळायची. तार बाहेर आली की सुटलो. तीन दिवस काही नाही. गाय खात होती, रवंथ करत होती. चौथ्या दिवशी मला वाटलं, देव पावला, पट्टी उकिरड्यातच गेली असणार.

पाचव्या दिवशी गवळण दारात उभी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. आत्याला म्हणाली, "बाई, कालपासून कडब्याला तोंड नाही लावून राहिली. पाठ बघा कशी वर केलीय. नजर लागली का काय." मी खिडकीतून बघितलं. गाय पुढचे पाय फाकवून उभी होती. बसायला जायची, कण्हायची आणि पुन्हा उभी राहायची. रवंथ थांबला होता. आत्याने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी दाराआड उभी होते. आता सांग, आता सांग, असं आत कुणीतरी म्हणत होतं आणि माझी जीभ टाळूला, जिथे पट्टी नव्हती तिथे, चिकटून बसली होती.

सातव्या दिवशी शेणात बोटाला काहीतरी टणक लागलं. धुतलं. नखाएवढा गुलाबी तुकडा, एका बाजूला चावल्याची खूण. तार त्याला नव्हती. तार आत होती.

मी तो तुकडा मुठीत घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत्या चुलीशी होती. सोवळ्यात होती, मी शेणाच्या हातांची. उंबऱ्यावर उभी राहून मूठ उघडली. म्हटलं, "आत्या, पट्टी मी पानावर विसरले. आखाजीला." बस, एवढंच सांगितलं. तिने तुकड्याकडे बघितलं. मग बाहेर, गोठ्याकडे. मग चुलीतली लाकडं मागे ओढली.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग आता सांगू नकोस."

तिने माझ्या हातातून तो तुकडा घेतला. सोवळ्यात, माझ्या शेणाच्या हातातून. मला तेव्हा भीतीपोटी हे कळलंच नाही, फार नंतर लक्षात आलं. म्हणाली, "कुवार पोरीच्या माथी असलं काही लागलं की जन्मभर सुटत नाही. लोक नाव ठेवायला टपलेले असतात. आणि नाना तुला पुन्हा भुसावळला नेणार नाही, अर्धे दात पुढे, अर्धे मागे घेऊन बसशील." मी म्हटलं, "पण तू..." ती म्हणाली, "मी म्हातारी. माझं काय लग्न व्हायचंय?"

ती समोर गेली. मी मागोमाग. नाना शिकवणीहून परत येत होते, गोठ्याशी लोक बघून तेही थांबले. आत्याने तुकडा गवळणीपुढे धरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरीच्या दातांची पट्टी मी पानात गुंडाळून टाकली. उष्टी वस्तू घरात नको म्हणून. तारेचं ध्यानात नाही आलं. तुझ्या गाईच्या पोटात गेली."

कुणाला शंका आली नाही. येणार कशी? सगळ्या गल्लीला आत्याचं सोवळं ठाऊक होतं. फुलपात्र विस्तवावर धरणारी बाई, ती पट्टी फेकणार नाही तर कोण?

नाना माझे शांत माणूस. वर्गातही छडी उगारायचे नाहीत. त्या दिवशी भर गल्लीत ते थोरल्या बहिणीवर ओरडले. "अक्का, तुझ्या सोवळ्यापायी एका मुक्या जिवाचे हाल केलेस. पोरीचं तोंड नीट होत होतं तेही बघवलं नाही तुला." त्यांचा आवाज फाटला होता. आत्या मान खाली घालून उभी. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. एक पाऊल पुढे टाकायचं आणि एक वाक्य बोलायचं. आत्याने मान न उचलता माझ्याकडे बघितलं, आणि मी ते पाऊल टाकलं नाही. मी भित्री होते. त्याला दुसरं नाव नाही.

ढोरांचा डॉक्टर आला. त्याने गाय बघितली, पाठ दाबली, ती कण्हली. म्हणाला, तिला अजिबात चालू द्यायचं नाही, पुढचे पाय उंचावर ठेवायचे, म्हणजे तार काळजाकडे सरकणार नाही. आत्याने स्वतः मातीची टोपली उचलली. नानांनी थांबवलं नाही. दोन दिवस ती आणि गवळण माती टाकत, चोपत होत्या. गाईला उभं राहायला ओटा झाला. डॉक्टर जाताना एवढंच बोलला, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सात दिवस ती चालत राहिली." तो आत्याला म्हणाला. आत्या म्हणाली, "हो, चुकलंच."

गाय वाचली. अकराव्या दिवशी तिने रवंथ केला, मी तिच्यासमोर बसून तो बघितला आणि धाय मोकलून रडले. पण तिसऱ्या आठवड्यात तिने गाभ टाकला. वासरी होती, पुरी झालेली नव्हती. तारेमुळे का कशामुळे, डॉक्टरलाही सांगता येईना. गवळणीने आत्याला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त गाय आमच्या दारात पाठवायची बंद केली.

कुणी आत्याच्या गळ्यात दावं घातलं नाही. तिने स्वतःच दूध सोडलं. दूध, दही, ताक, तूप, सगळं. चहा हा तिचा एकच शौक होता, दाट दुधाचा, आलं घालून. त्या दिवसापासून काळा चहा. गोग्रासही तिने पुन्हा स्वतःच्या हाताने घातला नाही, गल्लीतल्या दुसऱ्या गाईला मला घालायला लावला. पान नेण्याआधी मी ते उलगडून, बोटांनी चाचपून बघायचं आणि मग न्यायचं. ती दारात उभी राहून बघायची.

नानांनी मला दुसरी पट्टी करून आणली. आठ-दहा दिवसांतच दात परत पुढे आले होते, डॉक्टरने चुकचुक केलं आणि नवा साचा घेतला. या वेळी पट्टी ठेवायला नानांनी काचेचा पेला आणला आणि मुद्दाम स्वयंपाकघरात, आत्याच्या फडताळात ठेवला. तिने शेजारचे डबे सरकवून त्याला जागा केली. दोन वर्षांत दात सरळ झाले. ओठ नीट मिटायला लागले. पुढे मी हिंदी शाळेत तीस वर्षं शिकवलं, खणखणीत बोलले, पोरं घाबरायची.

आत्या त्यानंतर सोळा वर्षं जगली. लग्न होईपर्यंत रोज सकाळी तिचा काळा चहा मीच करायची. माझा आणि नानांचा दुधाचा, तिचा वेगळ्या भांड्यात. नाना कधीकधी म्हणायचे, "सोवळ्यापायी केलंन, आता भोगतेय." मी गाळणी हातात धरून ऐकायची. लग्नानंतर माहेरी आले की दर वेळी ठरवून यायची, आज नानांना सांगायचं. आत्याला ते माझ्या तोंडावरून कळायचं. म्हणायची, "जा, चहा टाक."

ती अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा मी तिच्या चहात चमचाभर दूध घातलं. तिने वास घेतला आणि कप बाजूला केला. मी म्हटलं, "आत्या, आता तरी सांगू दे गं नानांना." तिने माझी हनुवटी धरली, दात बघितले, बाजारात गाईचे बघतात तसे. म्हणाली, "बसलेत ना नीट? मग झालं." ती गेली. तिसऱ्या वर्षी नाना गेले. जाईपर्यंत त्यांना तेच खरं वाटत होतं.

पुतणीला फोनवर शेवटी म्हटलं, नंतर काढायची-घालायची पट्टी देतील, तिला झाकणाची डबी घे, भडक रंगाची. जेवताना पोरीने डबी मांडीवर ठेवायची. आणि हरवली तर त्याच घटकेला सांगायचं. रागावणार नाही असं तिला आजच कबूल कर. पुतणी हसली. "काकू, एवढं काय त्यात? हरवली तर दुसरी करून घेऊ."

हो, मी म्हटलं, पट्टी दुसरी होते.

मग फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. ती पट्टी आत्याने टाकली नव्हती. मी विसरले होते.